बर्फाच्या नद्यांचा यात्रिक : जॉन म्यूर

घरदार सोडून हिमालयाची वाट धरणाऱ्याला आपण संन्यासी म्हणतो आणि त्याच्या पाया पडतो. जॉन म्यूर संन्यासी नव्हता. त्याला पत्नी होती, दोन मुली होत्या, फळबागा होत्या. तरीही उत्तरेच्या बर्फाची ओढ लागली की हा गृहस्थ निघे. भूगोलाच्या तासाला ‘हिमनदी’ची व्याख्या आपण सर्वांनीच पाठ केली आहे, पण या एका शब्दापायी आयुष्य वेचणारा हा माणूस पाठ्यपुस्तकात मला कधी भेटला नाही. म्हणून हा अल्प परिचय.

म्यूरचा जन्म २१ एप्रिल १८३८ रोजी स्कॉटलंडमधील डनबार या समुद्रकाठच्या गावी झाला. १८४९ साली वडिलांबरोबर तो अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेला. वडील कमालीचे कर्मठ. दिवसभर शेतात राबावे आणि बायबल मुखोद्गत करावे, एवढेच त्यांच्या लेखी मुलाचे आयुष्य. विहीर खणण्याचे कामही याच पोरावर आले. छिन्नीने खडक फोडीत तो रोज एकटा खाली उतरे. एकदा तळाशी साचलेल्या विषारी वायूने त्याचा प्राणच जायचा. परंतु थोडे बरे वाटताच त्याला पुन्हा त्याच विहिरीत उतरावे लागले.

पुढे तो विद्यापीठात गेला, पण पदवी न घेताच बाहेर पडला. यंत्रे जुळवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. १८६७ साली इंडियानापोलिसच्या कारखान्यात काम करताना कानशीचे टोक त्याच्या उजव्या डोळ्यात घुसले. काही काळ दुसऱ्या डोळ्यानेही दिसेनासे झाले. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागले. दृष्टी परत आली तेव्हा त्याने यंत्रांना रामराम ठोकला आणि मेक्सिकोच्या आखातापर्यंत सुमारे हजार मैल तो पायी चालत गेला. माझ्या मते म्यूरचा खरा जन्म त्या अंधाऱ्या खोलीतला.

१८६८ साली तो कॅलिफोर्नियात आला. योसेमिटीची दरी जमीन खचून तयार झाली, असे तेव्हाचे मोठे भूशास्त्रज्ञ व्हिटनी सांगत. मेंढ्यांमागे हिंडलेल्या या पदवीहीन माणसाने खडकांवरचे ओरखडे पाहून ठरवले की, ही दरी कोरण्यात हिमनद्यांचाच हात आहे. १८७१ साली तिथल्या डोंगरांत त्याला एक जिवंत हिमनदीही सापडली.

जिवंत हिमनद्यांचा खरा मुलूख अलास्का. १८७९ साली तो तिथे पोचला. त्लिंगित वाटाड्यांनी होडी वल्हवीत त्याला हिमनद्यांच्या उपसागरात नेले. ही जागा म्यूरने ‘शोधली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. वाट मात्र तिथल्याच लोकांना ठाऊक होती. १७९४ साली व्हँकूव्हरच्या माणसांना ज्या ठिकाणी बर्फाची भिंत दिसली होती, तेथून बर्फ तीस मैलांहून अधिक मागे सरकलेले म्यूरने पाहिले. १८८० च्या एप्रिलमध्ये त्याचे लग्न झाले आणि त्याच उन्हाळ्यात स्वारी पुन्हा अलास्कात! त्या खेपेला स्टिकीन नावाच्या एका लहानशा कुत्र्यासह तो हिमनदीवरच्या वादळात सापडला. खोल भेगेवरच्या निमुळत्या बर्फाच्या पुलावरून आधी म्यूर गेला आणि मग, बराच वेळ रडून-विव्हळून, ते मुके जनावरही आले. या कुत्र्यावर त्याने पुढे छोटे पुस्तकच लिहिले.

नंतरची काही वर्षे बागा सांभाळण्यात गेली. पैसा आला, प्रकृती खालावली. तेव्हा डोंगरात परत जा, असे सांगणारी त्याची पत्नी लुईच होती. तिचे नाव फारसे कोणी घेत नाही. ते घेतले पाहिजे, असे मला वाटते.

१८९९ सालचा प्रसंग मला विशेष अर्थपूर्ण वाटतो. रेल्वेसम्राट हॅरिमन यांना डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. त्यांनी पत्नी व मुलांसह अलास्काची सहल काढली आणि त्याच जहाजावर शास्त्रज्ञ, चित्रकार, छायाचित्रकारही घेतले. त्यांत म्यूर होता. दोन महिने हे बिऱ्हाड हिमनद्या, पक्षी, वनस्पती पाहत फिरले. मुलांशी म्यूरची छान गट्टी जमली. परंतु यजमानांना अस्वल हवे होते. कोडियाक बेटावर त्यांनी पिलासह अस्वलाची मादी मारली. म्यूरला हे मुळीच रुचले नाही. तरी मैत्री तुटली नाही. १९०५ साली योसेमिटीची दरी राज्याकडून केंद्राकडे सोपवण्याचे विधेयक अडले, तेव्हा हॅरिमन यांचेच वजन म्यूरच्या कामी आले. अस्वल मारणाऱ्या हातानेच एक दरी वाचवली! हे कोडे सोडवताना म्यूरला तडजोडवादी म्हणावे की व्यवहारी? माझे उत्तर असे की, ज्याला रान वाचवायचे आहे त्याला केवळ सज्जनांचीच संगत धरून चालत नाही.

सगळ्याच लढाया तो जिंकला नाही. हेच हेची दरीत धरण बांधण्यास १९१३ साली मंजुरी मिळाली आणि तो खचला. २४ डिसेंबर १९१४ रोजी लॉस एंजेलिस येथे न्यूमोनियाने त्याचा अंत झाला. अखेरच्या दिवसांत तो अलास्काच्या प्रवासवर्णनाचे हस्तलिखित तयार करीत होता. ते १९१५ साली छापले गेले.

हिमनद्यांचा तो उपसागर १९८० साली राष्ट्रीय उद्यान झाला. तिथे म्यूरच्या नावाची एक हिमनदी आहे. ती इतकी मागे हटली आहे की आता समुद्रापर्यंत पोचत नाही. म्यूरने बर्फ मागे सरकताना पाहिले ते कुतूहलाने. आपल्या पिढीला ते काळजीने पाहावे लागत आहे.