विश्लेषण : ट्रकमधल्या ‘बास’मागे १९व्या शतकातील लष्करी डॉक्टर? कोण होते हेल्महोल्ट्झ?

अमेरिकेत पिकअप ट्रकची मागची सीट काढून तिथे सबवूफरचा भलामोठा बॉक्स बसवणाऱ्या हौशी मंडळींची संख्या मोठी आहे. दोन-दोन हजार वॉटचे अ‍ॅम्प्लिफायर, १२ किंवा १५ इंची स्पीकर आणि एमडीएफच्या जाड फळ्यांचा बॉक्स. या बॉक्सच्या एका बाजूला मुद्दाम भोक किंवा लांबट फट ठेवलेली असते. तिला पोर्ट म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटते, छाती हलवणारा आवाज स्पीकरमधून येतो आहे. प्रत्यक्षात सर्वात खालच्या सुरांच्या वेळी स्पीकरचा पडदा जवळजवळ थांबलेला असतो आणि आवाज त्या फटीतल्या हवेचा असतो. ही हवा कोणत्या सुराला डोलेल, याचे गणित हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने स्पीकरचा शोध लागण्याआधीच मांडून ठेवले होते.

भौतिकशास्त्र शिकायचे होते, मग डॉक्टर का झाले?

पैसे नव्हते म्हणून. हेल्महोल्ट्झ यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी बर्लिनजवळच्या पॉट्सडॅम येथे झाला. वडील शाळेत शिक्षक. मुलगा लहानपणी सतत आजारी. ओढा भौतिकशास्त्राकडे होता. पण त्या विषयावर पोट भरेल अशी खात्री नव्हती आणि शिक्षकाच्या पगारात विद्यापीठाचा खर्च परवडणारा नव्हता. प्रशियाच्या लष्कराला डॉक्टर हवे होते. बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत शिक्षण मोफत, बदल्यात आठ वर्षे सैन्यात नोकरी, असा तो करार होता. आपल्याकडच्या ‘बॉण्ड’सारखाच. १८३८ मध्ये हेल्महोल्ट्झ तिथे दाखल झाले, १८४२ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि पुढच्या वर्षी पॉट्सडॅमच्या छावणीत सर्जन म्हणून रुजू झाले.

छावणीतच त्यांनी छोटी प्रयोगशाळा थाटली. स्नायू आकुंचन पावताना उष्णता किती निर्माण होते, हे ते मोजत होते. तेव्हा शरीर चालवणारी एक वेगळी ‘जीवनशक्ती’ असते, असे अनेक जाणकार मानत. हेल्महोल्ट्झ यांना हिशेब जुळवायचा होता : शरीरात अन्नातून जेवढे येते तेवढेच बाहेर पडते का? त्यातून जुलै १८४७ मध्ये, वयाच्या २५व्या वर्षी, त्यांनी बर्लिनच्या भौतिकशास्त्र मंडळापुढे ऊर्जेच्या अक्षय्यतेवरील निबंध वाचला. त्या काळच्या प्रमुख जर्मन नियतकालिकाने तो नाकारला. फारच तात्त्विक आहे, असा आक्षेप होता. शेवटी तो स्वतंत्र पुस्तिका म्हणून छापावा लागला. आज तो शाळेच्या पाठ्यपुस्तकात आहे.

अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांच्या मध्यस्थीने १८४८ मध्ये लष्करातून त्यांची मुदतीआधी सुटका झाली. पुढच्या वर्षी ते क्योनिग्जबर्ग (आजचे रशियातील कालिनिनग्राद) येथे शरीरशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथे बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने धावतो, हे त्यांनी मोजले. हा वेग मोजताच येणार नाही, असे त्यांच्या गुरूंचे मत होते. तो निघाला सेकंदाला साधारण ३० मीटर. १८५१ मध्ये डोळ्याच्या आतला पडदा पाहण्याचे यंत्र, ऑफ्थॅल्मोस्कोप, त्यांनी जगापुढे ठेवले. नेत्रतज्ज्ञ आजही ते वापरतात.

मग आवाजाकडे कसे वळले?

डोळ्यानंतर कान, असा तो सरळ प्रवास होता. शिवाय ते स्वतः पियानो वाजवत. पियानो आणि व्हायोलिनवर एकच स्वर वाजला तरी दोन्ही वेगळे का ऐकू येतात, हा त्यांचा प्रश्न होता. प्रत्येक स्वरात मूळ सुराबरोबर अनेक वरचे सूर मिसळलेले असतात आणि त्यांच्या प्रमाणावर आवाजाचा पोत ठरतो, असा त्यांचा कयास होता. पण मिसळलेला सूर वेगळा काढून ऐकायचा कसा? ध्वनी पकडणारा मायक्रोफोन तेव्हा नव्हता.

उपाय साधा होता. काचेचा किंवा पितळेचा पोकळ गोळा, एका बाजूला तोंड, दुसऱ्या बाजूला कानात बसेल अशी निमुळती नळी. ती मेण लावून कानात घट्ट बसवायची. गोळ्याच्या आकारानुसार त्याचा स्वतःचा एकच सूर असतो. खोलीत तो सूर असेल तर गोळा घुमतो, बाकी सगळे दबते. वेगवेगळ्या मापांचे गोळे पाळीपाळीने लावायचे आणि आवाजाचे घटक एकेक करून मोजायचे. पॅरिसमधील वाद्यनिर्माते रुडॉल्फ क्योनिग यांनी अशा पितळी गोळ्यांचे संच तयार करून विकले. हाच ‘हेल्महोल्ट्झ रेझोनेटर’.

मराठी घरांना हे यंत्र अनोळखी नाही. आश्विन अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागरी फुंकतात, तो घुमणारा आवाज याच तत्त्वाचा. घागरीच्या गळ्यातली हवा हे वजन, पोटातली हवा ही स्प्रिंग. फुंकर घातली की वजन स्प्रिंगवर वरखाली होते. पोट मोठे तर स्प्रिंग मऊ आणि सूर खालचा. गळा लांब तर वजन जास्त, सूर आणखी खालचा. तोंड रुंद केले की सूर वर चढतो.

यामागचे कठीण गणित, म्हणजे उघड्या तोंडाच्या नळ्यांत हवा कशी हलते याचा त्यांचा प्रबंध, १८५९-६० च्या सुमारास आला. तोवर ते बॉनमार्गे हायडेलबर्गला पोहोचले होते. क्योनिग्जबर्गची थंडी पत्नी ओल्गा यांना सोसवत नव्हती, हे त्या स्थलांतराचे एक कारण. त्याचा फार उपयोग झाला नाही. १८५९ मध्ये आधी वडील गेले आणि डिसेंबरच्या अखेरीस ओल्गा. पदरी दोन लहान मुले होती. १८६१ मध्ये त्यांनी आना फॉन मोल यांच्याशी दुसरा विवाह केला आणि १८६३ मध्ये स्वरसंवेदनांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

घागरीपासून बास बॉक्सपर्यंतचा प्रवास कसा झाला?

यात एक गमतीदार गैरसमज आहे. हेल्महोल्ट्झ यांनी विजेवर चालणारे ट्यूनिंग फोर्क आणि रेझोनेटर यांच्या साहाय्याने मानवी स्वर कृत्रिमरीत्या तयार केले होते. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी हे काम वाचले. पण जर्मन नीट येत नसल्याने त्यांचा समज झाला की, हेल्महोल्ट्झ यांनी स्वर तारेतून पाठवले आहेत. मग आपणही पाठवू शकू, या भरवशावर ते पुढे गेले आणि टेलिफोन तयार झाला. त्याच टेलिफोन व्यवसायातून उभ्या राहिलेल्या बेल लॅब्समध्ये अल्बर्ट थुरास यांनी स्पीकरच्या बंद खोक्याला मोजूनमापून भोक पाडले. त्यांना १९३२ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. यालाच पुढे बास रिफ्लेक्स म्हटले जाऊ लागले.

स्पीकरचा पडदा पुढे आला की मागची हवा उलटी खेचली जाते. मागचा आवाज तसाच पुढे आला तर पुढच्याला मारतो, म्हणून बंद खोक्यात तो कोंडून ठेवतात. पोर्ट असलेल्या बॉक्समध्ये ठरावीक सुराच्या आसपास हाच मागचा आवाज उलटून, पुढच्या आवाजाच्या तालात बाहेर पडतो. वाया जाणारा अर्धा भाग कामी येतो. कोणत्या स्पीकरला किती मोठा बॉक्स आणि कोणते ट्यूनिंग हवे, याची पद्धत ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थिएल यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात बसवून दिली. सबवूफरच्या माहितीपत्रकात छापलेले थिएल-स्मॉल आकडे ते हेच.

ट्रकच्या बॉक्सचे गणित नेमके कुठे अडते?

जागेत. समजा, १२ इंची दोन सबवूफर आहेत, बॉक्समध्ये हवेसाठी निव्वळ १०० लिटर जागा आहे आणि ट्यूनिंग ३२ हर्ट्झ हवे आहे. पोर्टचे तोंड २०० चौरस सेंटिमीटर ठेवले तर हेल्महोल्ट्झ यांच्या सूत्राने पोर्टची परिणामी लांबी साडेअठ्ठावन्न सेंटिमीटर येते. पोर्टच्या दोन्ही तोंडांबाहेरची थोडी हवाही आतल्या हवेबरोबर हलते. त्यापोटी सुमारे १२ सेंटिमीटर वजा केले की प्रत्यक्षात ४७ सेंटिमीटर लांब पोर्ट लागतो. तो नऊ-साडेनऊ लिटर जागा खातो. इथपर्यंत ठीक.

पण मोठ्या आवाजात फटीतली हवा वाऱ्यासारखी वाहू लागते. प्रत्येक हेलकाव्यात मधल्या स्थितीपासून ४ लिटर हवा सरकते असे धरले, तर या तोंडातून तिचा कमाल वेग सेकंदाला ४० मीटर होतो, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर. मग पोर्ट फुसफुसतो, हवेत भोवरे होतात आणि वॉट वाढवले तरी आवाज त्या प्रमाणात वाढत नाही. ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ५ टक्के, म्हणजे सेकंदाला १७ मीटर, ही सावध मर्यादा मानतात. मोटारीत त्याच्या थोडे वर गेलेले अनेकांना चालते. तोंड दुप्पट, ४०० चौरस सेंटिमीटर केले की वेग २० मीटरवर येतो. पण सूर चढू नये म्हणून पोर्ट १ मीटर लांब करावा लागतो. तो एकटाच ४० लिटर जागा घेतो. फळ्यांची जाडी, आतल्या आधारपट्ट्या आणि स्पीकरचे चुंबक धरून बॉक्स दीडशे लिटरच्या पुढे जातो. ट्रकच्या केबिनमध्ये एवढी जागा आणायची कुठून? म्हणून पोर्ट आतल्या आत काटकोनात वळवतात, किंवा ३०० चौरस सेंटिमीटर तोंड आणि साधारण ७३ सेंटिमीटर लांबी अशी तडजोड करतात. तडजोडच योग्य, असे मला वाटते. इंटरनेटवरून दुसऱ्याच स्पीकरचा नकाशा उचलून बॉक्स कापण्यापेक्षा तर नक्कीच.

हेल्महोल्ट्झ यांचे गणित हवेच्या लहान कंपनांसाठी होते. दोन हजार वॉटला ते ट्यूनिंग बऱ्यापैकी बरोबर सांगते. भोवऱ्यांविषयी मात्र काही सांगत नाही. दुसरा धोका ट्यूनिंगच्या खाली आहे. ३२ हर्ट्झच्या बऱ्याच खालच्या सुरांना पोर्टमधून हवा नुसती आतबाहेर होते, स्प्रिंगचा आधार सुटतो आणि पडदा सैरावैरा हलू लागतो. त्यामुळे अशा यंत्रणेत २५-२८ हर्ट्झच्या खालचे सूर कापणारा सबसॉनिक फिल्टर लावावाच लागतो. तो नसेल तर महागडा सबवूफर एका गाण्यात निकामी होऊ शकतो.

पोर्टमुळे फुकट ताकद मिळते का?

नाही. इथे पॉट्सडॅमच्या छावणीतला हिशेब लागू होतो. दोन हजार वॉट देणारा अ‍ॅम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षम असला तरी तो अडीच हजार वॉट घेतो. १४ व्होल्टवर ते होतात सुमारे १८० अँपिअर. ही वीज अल्टरनेटरची, अल्टरनेटरला फिरवणारे इंजिन आणि इंजिनात जळणारे पेट्रोल. एवढे करून स्पीकरला मिळालेल्या विजेतला शेकडा एक हिस्साही बहुधा आवाजात उतरत नाही. बाकीची उष्णता होऊन कॉइल तापवते. पोर्ट नवी ऊर्जा देत नाही, आधीच मिळालेल्या ऊर्जेचा थोडा बरा वापर करतो.

कानाचा हिशेब वेगळाच. आतल्या कानातल्या पडद्याचे तंतू पियानोच्या तारांसारखे एकेका सुराला लावलेले असतात, असे हेल्महोल्ट्झ मानत. पुढे गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी तिथे एक लाट सरकत जाते असे दाखवले आणि १९६१ चे नोबेल मिळवले. कुठला सूर कानात कुठे ऐकला जातो, ही मूळ कल्पना मात्र टिकली. तिथल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ट्रकच्या ध्वनिस्पर्धांत १५० डेसिबलच्याही वर आकडे जातात. अत्यंत मंद सूर ऐकता यावा म्हणून बनवलेल्या गोळ्याचा हा वंशज आहे, हे आठवले की जरा विचित्र वाटते. आपल्या मिरवणुकांतल्या ट्रकवरच्या भिंतींमध्येही पोर्ट असलेले बॉक्स असतात.

अखेरची वर्षे कशी गेली?

वयाच्या पन्नाशीत, १८७१ मध्ये, हेल्महोल्ट्झ अखेर बर्लिनमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. परवडत नव्हता तो विषय असा तीन दशकांनी हाती आला. १८८३ मध्ये त्यांना सरदारकी मिळाली, नावात ‘फॉन’ आला. वेर्नर सीमेन्स यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या, अचूक मोजमापांना वाहिलेल्या शाही संस्थेचे ते पहिले अध्यक्ष झाले. १८९३ मध्ये शिकागोतील जागतिक विद्युत परिषदेला ते गेले. व्होल्ट, अँपिअर, ओहम यांच्या आंतरराष्ट्रीय व्याख्यांवर तिथे एकमत झाले. परतीच्या प्रवासात जहाजाच्या जिन्यावरून ते पडले आणि त्यातून पूर्ण सावरले नाहीत. ८ सप्टेंबर १८९४ रोजी, वयाच्या ७३व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी १ जानेवारीला त्यांचा लाडका विद्यार्थी हाइनरिश हर्ट्झ अवघ्या ३६व्या वर्षी गेला होता. हर्ट्झ यांच्या शेवटच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिण्याचे काम गुरूंवर आले आणि आजारपणातही त्यांनी ते पूर्ण केले. पोर्टचे ट्यूनिंग आज ज्या एककात मोजतात, त्याला पुढे याच विद्यार्थ्याचे नाव मिळाले.