आगीवर धावून जाणारा गृहस्थ : बेंजामिन फ्रँकलिन

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण आपण सर्वजण शाळेत शिकलो. आमचे कन्नड मित्रही घराला आग लागल्यावर विहीर खणायला निघालेल्या माणसाला हसतात. म्हणजे संकटापूर्वीच तयारी करावी हे शहाणपण आपल्या दोन्ही भाषांना ठाऊक आहे. परंतु ठाऊक असणे वेगळे आणि त्याप्रमाणे वागणे वेगळे. जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका छापखानेवाल्याने हे शहाणपण आचरणात आणले आणि आपल्या गावालाही आणायला लावले. त्याचे नाव बेंजामिन फ्रँकलिन.

पाठ्यपुस्तकातून आपल्याला भेटणारे फ्रँकलिन म्हणजे पावसात पतंग उडवून विजेचा शोध घेणारे शास्त्रज्ञ. मुत्सद्दी आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे एक शिल्पकार म्हणूनही ते जगाला माहीत आहेत. परंतु खांद्यावर बादल्या अडकवून रात्री-अपरात्री शेजाऱ्याच्या जळत्या घराकडे धावणारा हा गृहस्थ मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. या लेखात त्यांची ओळख करून घ्यावयाची आहे.

फ्रँकलिन यांचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टन येथे झाला. वडील मेणबत्त्या व साबण तयार करीत. सतरा भावंडांत बेंजामिन पंधरावे. एवढ्या मोठ्या कुटुंबात शिक्षणासाठी पैसा कोठून येणार? जेमतेम दोन वर्षे शाळा झाली आणि दहाव्या वर्षी ते वडिलांच्या हाताखाली कामाला लागले. बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी सुरू झाली. भावाशी पटेना, तेव्हा १७२३ साली सतरा वर्षांचा हा मुलगा घर सोडून फिलाडेल्फियास आला. खिशात पैसे थोडे, अंगावरचे कपडे मळलेले, काखेत पाव. अशा अवतारात रस्त्याने जाताना एका घराच्या दारात उभ्या असलेल्या डेबोरा रीड या मुलीने त्यांना पाहिले. पुढे १७३० साली त्यांचा संसार सुरू झाला तो तिच्याशीच.

हा संसार कष्टाचा होता. फ्रँकलिन छापखाना आणि वर्तमानपत्र चालवीत. डेबोरा दुकान सांभाळी, पुस्तिका घड्या घालून शिवी, कागद बनविण्यासाठी लागणाऱ्या जुन्या चिंध्या विकत घेई. नवऱ्याच्या धंद्यात बायकोचे भांडवल किती असते हे जमाखर्चाच्या वहीत दिसत नाही. परंतु फ्रँकलिन यांनी आपल्या यशात तिचा वाटा मोकळेपणाने मान्य केला आहे. फ्रँकलिन यांना दुसऱ्या स्त्रीपासून झालेला विल्यम हा मुलगाही याच घरात वाढला. १७३२ साली फ्रान्सिस जन्मला. तो घरातील सर्वांचा लाडका होता.

त्या काळी देवीचा रोग म्हणजे घरोघरचा काळ. देवी टोचण्याची जुनी पद्धत फ्रँकलिन यांना ठाऊक होती, त्यांना ती मान्यही होती. पण मुलाची प्रकृती बरी नसल्याने टोचणे लांबणीवर पडले. २१ नोव्हेंबर १७३६ रोजी चार वर्षांचा फ्रान्सिस देवीने गेला. मुलगा टोचण्यामुळेच दगावला, अशी कंडी गावात पिकली. तेव्हा इतर आईबापांनी घाबरू नये म्हणून दुःखात असलेल्या या बापाने आपल्याच वर्तमानपत्रात खरी हकीकत छापली. छत्तीस वर्षांनंतर बहिणीला लिहिलेल्या पत्रातही त्यांनी या मुलाची आठवण काढली आहे. वेळेवर करावयाची गोष्ट राहून गेली, ही खंत त्यांना जन्मभर पुरली.

या घटनेनंतर सोळाच दिवसांनी, ७ डिसेंबर १७३६ रोजी, फिलाडेल्फियात ‘युनियन फायर कंपनी’ स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत फ्रँकलिन प्रमुख होते.

कंपनी हा शब्द ऐकून आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना भागभांडवल आणि लाभांश आठवेल. येथे लाभांश नव्हता. हे होते शेजाऱ्यांचे मंडळ. फिलाडेल्फियातील घरांत लाकूडकाम भरपूर आणि प्रत्येक घरात उघडी चूल. १७३० साली धक्क्याजवळ मोठी आग लागून वखारी व घरे भस्मसात झाली होती, तेव्हा गावाजवळ विझविण्याची पुरेशी साधने नव्हती. १७३५ साली फ्रँकलिन यांनी एका वृद्ध नागरिकाच्या नावाने आपल्या वर्तमानपत्रात पत्र लिहिले. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत निखारे नेताना ते उघड्या फावड्यावर नेऊ नयेत, झाकणाच्या भांड्यातून न्यावेत. धुराडी वेळच्या वेळी साफ करावीत आणि साफ करणाऱ्यांवर परवान्याचे बंधन असावे, अशा साध्या सूचना त्यात होत्या. बोस्टनमध्ये आग विझविण्यासाठी नागरिकांची मंडळे होती, तेही त्यांनी गावाच्या नजरेस आणले.

मंडळाचे नियम वाचण्यासारखे आहेत. सभासद तीसच. प्रत्येकाने स्वखर्चाने चामड्याच्या सहा बादल्या आणि जाड कापडाच्या दोन पिशव्या तयार ठेवायच्या. आपल्याकडे मोट आणि भिस्त्याची पखाल जशी चामड्याची, तशाच त्या बादल्या. आगीची हाक आली की सभासदांनी त्या घेऊन धावायचे. पाण्याच्या ठिकाणापासून आगीपर्यंत माणसांची रांग लागे. भरलेल्या बादल्या हातोहात पुढे जात आणि रिकाम्या मागे येत. पिशव्या कशासाठी? तर घरातील सामान भरून बाहेर काढण्यासाठी. काहींनी पाणी मारायचे, काहींनी सामान काढायचे आणि काहींनी दाराशी पहारा करायचा, कारण आगीच्या गोंधळात चोरांचे फावते. सभेला गैरहजर राहणाऱ्यास दंड होई. या दंडाच्या पैशातूनच पुढे बंब, शिड्या व आकडे विकत घेतले गेले. शिस्तीतून भांडवल कसे उभे राहते, याचे हे सुंदर उदाहरण होय.

सभासद होऊ इच्छिणारे वाढले, तेव्हा मंडळाने आपली संख्या वाढविली नाही. त्यांना स्वतःचे वेगळे मंडळ काढण्यास सांगितले. एकाची दोन, दोनाची चार अशी मंडळे झाली आणि बराचसा गाव त्यांच्या छत्राखाली आला. म्हातारपणी आत्मचरित्र लिहिताना फ्रँकलिन यांनी समाधानाने नोंदविले आहे की, या मंडळांच्या स्थापनेपासून एका आगीत एकदोनांहून अधिक घरे गावाने गमावली नाहीत.

परंतु आग विझली तरी ज्याचे घर जळाले त्याचे काय? या प्रश्नाचे उत्तर म्हणून १७५२ साली फ्रँकलिन व त्यांच्या सोबत्यांनी अग्निविम्याची परस्पर सहकारी संस्था उभी केली. सर्वांनी थोडी थोडी ठेव ठेवायची आणि ज्याच्यावर संकट येईल त्याचे नुकसान त्यातून भरून द्यायचे. विमा उतरविण्यापूर्वी घराची तपासणी होई. चार हात एकमेकांना घट्ट धरून आहेत, असे तिचे चिन्ह. ‘फिलाडेल्फिया काँट्रिब्यूशनशिप’ या नावाची ही संस्था अमेरिकेतील सर्वांत जुनी विमा संस्था म्हणून आजही चालू आहे. आम्ही परीक्षेसाठी अग्निविम्याची तत्त्वे पाठ करतो. त्यांच्या मुळाशी शेजारधर्म आहे हे या चार हातांवरून कळते.

विजेमुळे लागणाऱ्या आगीही त्यांच्या नजरेतून सुटल्या नाहीत. इमारतीवर लोखंडी टोकदार सळई बसवून वीज जमिनीत उतरविण्याची युक्ती त्यांनी सर्वांना सांगून टाकली. कमी लाकडात खोली अधिक ऊबदार ठेवणारी शेगडी त्यांनी तयार केली, तेव्हा राज्यपालांनी देऊ केलेला एकाधिकार त्यांनी नाकारला. दुसऱ्यांच्या शोधांचा लाभ आपण घेतो, मग आपला शोध इतरांना का देऊ नये, अशी त्यांची भूमिका होती.

चरित्र लिहिताना केवळ गुणगान करू नये. फ्रँकलिन यांच्या संसाराची दुसरी बाजूही आहे. राजकारणासाठी ते वर्षानुवर्षे लंडनमध्ये राहिले. डेबोरा समुद्रप्रवासाला भीत असे, म्हणून ती मागेच राहिली. १७६५ साली चिडलेला जमाव घरावर येण्याची भीती निर्माण झाली, तेव्हा ती बंदूक घेऊन घरात ठाम उभी राहिली. गावच्या घरांसाठी धावलेल्या माणसाचे स्वतःचे घर त्या दिवशी तिने राखले. १९ डिसेंबर १७७४ रोजी ती वारली, तेव्हा पतीची भेट होऊन दहा वर्षे झाली होती. स्वातंत्र्ययुद्धात विल्यम इंग्रजांच्या बाजूने गेला आणि बापलेकांत पडलेली भेग कधीच बुजली नाही. मुलगी सारा मात्र अखेरपर्यंत जवळ राहिली व तिने वडिलांची सेवा केली. १७ एप्रिल १७९० रोजी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, फ्रँकलिन यांनी देह ठेवला. अंत्ययात्रेला सुमारे वीस हजार लोक लोटले. त्यांना डेबोराच्या शेजारी पुरण्यात आले. छोट्या फ्रान्सिसची कबरही तेथेच आहे.

ही दूरदेशीची कथा आज हैदराबादेत का सांगायची? १८ मे २०२५ रोजी चारमिनारजवळच्या गुलजार हौज येथे एका जुन्या घराला पहाटे आग लागली आणि एकाच कुटुंबातील १७ माणसे गेली. त्यांत आठ लहान मुले होती. आत जाण्याची वाट अरुंद होती. त्याआधी, मार्च २०२२ मध्ये, भोईगुडा येथील भंगाराच्या गोदामात झोपलेले ११ मजूर असेच आगीत मेले. आपल्याकडे आज सरकारी अग्निशमन दल आहे, १०१ क्रमांक आहे, जिवावर उदार होऊन आत शिरणारे जवान आहेत. परंतु बंब येईपर्यंतची पहिली काही मिनिटे शेजाऱ्यांचीच असतात. जिन्यात ठेवलेली सायकल आणि खोकी, कुलूप लावलेले मागचे दार, एकाच बोर्डावर जोडलेल्या दहा वायरी या गोष्टी कुठलेही सरकार येऊन हलविणार नाही.

विद्यार्थीमित्रहो, आपल्यापैकी प्रत्येकाला फ्रँकलिनएवढी बुद्धी लाभेल असे नाही. परंतु आपल्या वाड्यातील जिना मोकळा करणे, वसतिगृहातील लाल नळकांडे कसे वापरावे हे शिकून घेणे आणि आपल्या मजल्यावर म्हातारे कोण, लहान मूल कोणाकडे, याची माहिती ठेवणे एवढे तर आपल्या हातात आहे. सहा बादल्यांची किंमत त्या काळीही फार नव्हती. त्या भरून दारात ठेवणारा माणूस गावात होता, याचेच मोल मोठे.