तुकडोजी महाराजांनी जंगल सोडून गाव का निवडलं?

अमरावतीहून नागपूरकडे निघालं की हायवेला मोझरी लागतं. इथल्या गुरुकुंज आश्रमाच्या प्रार्थना मंदिरात एकही मूर्ती नाही. समोर असतं ते फक्त एक रिकामं आसन. ज्याने त्याने आपला देव तिथे पाहायचा.

ही कल्पना राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची.

३० एप्रिल १९०९ ला अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत त्यांचा जन्म झाला. नाव माणिक. घरी गरिबी, शाळा अर्धवट सुटली. वरखेडच्या अडकोजी महाराजांनी या पोराला तुकड्या म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव कायम राहिलं.

पुढे हा मुलगा रामटेक, सालबर्डीच्या जंगलात साधना करत फिरला. लोक मागे लागू लागले. रानात राहून बुवा म्हणून पूजा करून घेणं सोपं होतं. पण त्यांनी हातात खंजिरी घेतली आणि ते गावोगाव फिरू लागले. १९३५ मध्ये मोझरीत गुरुकुंज उभा राहिला.

ही निवड महागातही पडली. १९४२ च्या आंदोलनात चिमूर, आष्टी पेटले. महाराजांची भजनं लोकांना चेतवतात, हे इंग्रजांनी ओळखलं होतं. त्यांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं गेलं.

सुटल्यावर ते थांबले नाहीत. १९५५ मध्ये त्यांची ग्रामगीता प्रसिद्ध झाली. ४१ अध्याय, ओवी छंद आणि भाषा शेतकऱ्याला कळेल अशी. ग्रंथ अर्पण केला तो गावालाच.

यातले विषय बघा. संसार करायचा की परमार्थ? लग्नात कर्ज काढायचं का? मुलींना शिकवायचं का? अंत्यविधीला किती खर्च करायचा? म्हणजे माणसाच्या आयुष्यातले सगळे मोठे निर्णय. घर सोडल्याशिवाय देव भेटत नाही, हे त्यांना मान्य नव्हतं. रूढी आहे म्हणून करू नका, स्वतः विचार करून ठरवा, पण ठरवताना गावाचं भलंही बघा, हा ग्रामगीतेचा सूर आहे. माणूस घडला तर गाव घडतं आणि गाव घडलं तर देश, असं हे साधं गणित.

११ ऑक्टोबर १९६८ ला महाराज गेले. आजही पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंजात हजारो लोक स्तब्ध उभे राहून त्यांना मौन श्रद्धांजली वाहतात.