माल्कम एक्स : नाक्यावरचा धर्मप्रचारक

धर्मांतर म्हटले की आपल्याकडे आमिष, जबरदस्ती, परदेशी पैसा हे शब्द लगेच बाहेर काढले जातात. अनेक राज्यांनी तर त्यासाठी कायदेच केले आहेत. एक माणूस दुसऱ्याशी मनापासून बोलतो, ऐकणाऱ्याला आपल्या अपमानाचे कारण कळते आणि म्हणून तो धर्म बदलतो, ही साधी गोष्ट मनुवादी मेंदूला पटतच नाही. अशांनी माल्कम एक्सचे आयुष्य पाहावे.

१९ मे १९२५ रोजी अमेरिकेतील ओमाहा येथे माल्कम लिटलचा जन्म झाला. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक आणि मार्कस गार्वीचे अनुयायी. १९३१ मध्ये ट्रामखाली सापडून त्यांचा मृत्यू झाला. गोऱ्यांनीच घातपात केला, असे काळ्या वस्तीत बोलले जाई. पुढे आई मनोरुग्णालयात गेली, भावंडे विखुरली. माल्कम बोस्टन आणि हार्लेममध्ये जुगार, अमली पदार्थ, घरफोड्या यांत बुडाला आणि १९४६ मध्ये विशीतच तुरुंगात गेला. देवाधर्माला तो इतक्या शिव्या देई की इतर कैद्यांनी त्याचे नाव सैतान ठेवले.

या सैतानाला इस्लामकडे कोणी वळवले? कोणा मौलवीने नव्हे, धाकट्या भावाने. थोरल्या भावाचे धार्मिक पत्र आले तेव्हा माल्कमने त्याला उद्धट उत्तर धाडले होते. रेजिनाल्डने मात्र नेहमीच्या घरगुती पत्रात एवढेच लिहिले की डुकराचे मांस आणि सिगारेट सोड, तुरुंगातून सुटायची वाट दाखवतो. माल्कमला वाटले, ही काहीतरी चलाखी असणार. त्याने ताटातले मांस नाकारले आणि सारे कैदी चकित झाले. भाऊ भेटायला आला तेव्हाही आधी घरच्यांची, ओळखीच्यांची ख्यालीखुशाली झाली. धर्माचा विषय मागाहून निघाला. पुढे याच रेजिनाल्डला संघटनेने वाळीत टाकले आणि माल्कमनेही त्याच्याकडे पाठ फिरवली. हा डाग झाकून चालणार नाही.

ऑगस्ट १९५२ मध्ये सुटका झाल्यावर तो डेट्रॉईटला आला. एलिजा मुहम्मद यांच्या ‘नेशन ऑफ इस्लाम’चे तेथील मंदिर अर्धे रिकामे असे. माल्कम दारूचे गुत्ते, जुगाराचे अड्डे, रस्त्याचे नाके येथे जाऊन पोरांशी बोलू लागला. त्या मंडळींच्या बोलीत याला मासे पकडणे म्हणत. तो त्यांच्याच भाषेत बोले, कारण त्याच चिखलातून तो आला होता. १९५४ मध्ये हार्लेमचे मंदिर त्याच्याकडे आले. तेथे रविवारी छोट्या चर्चबाहेर उभे राहून तो घरी निघालेल्या बायाबापड्यांना बोलावी. लोक येत, मान डोलावत. पण दारू, तंबाखू, व्यभिचार सोडण्याचे नियम ऐकले की बरेच जण उठून जात. आमिष असेल तर ते हेच!

मात्र तो जे सांगत होता ते सगळे इस्लाम नव्हते. गोरा माणूस जन्मतःच सैतान, ही एलिजा मुहम्मद यांची शिकवण कुराणात कोठेही नाही. मार्च १९६४ मध्ये तो संघटनेतून बाहेर पडला आणि एप्रिलमध्ये हजला निघाला. जेद्दाला त्याला अडवून ठेवले गेले. बारा वर्षे हजारोंना मुसलमान होण्याचे आवाहन करणाऱ्या या माणसाला नमाज नीट पढता येत नव्हती! परक्या माणसांनी त्याला बसायचे कसे, वाकायचे कसे हे लहान मुलासारखे शिकवले. तेथे त्याने गोऱ्या कातडीच्या मुसलमानांबरोबर एकाच ताटात जेवण घेतले. एका ताटात जेवणे म्हणजे काय, हे महाडच्या तळ्याचा इतिहास असलेल्या समाजाला वेगळे सांगायला नको. या वेळी ऐकणारा तो होता, आणि त्याने आपले जुने मत जाहीरपणे मागे घेतले. किती प्रचारक एवढे धाडस करतील?

त्याच्यापासून स्फूर्ती घेऊन १९६६ मध्ये ब्लॅक पँथर उभी राहिली आणि तिच्या नावावरून १९७२ मध्ये आपली दलित पँथर. हे पाहायला तो नव्हता. २१ फेब्रुवारी १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या ऑडुबॉन सभागृहात, भाषणाला उभा राहताच त्याला गोळ्या घातल्या गेल्या. वय अवघे एकोणचाळीस. सुदानच्या एका शेखने इस्लामी रीतीने त्याच्या देहाला अंघोळ घालून कफन चढवले. अंत्यविधीसाठी जागा मिळेना. अखेर एका काळ्या ख्रिस्ती चर्चने आपली दारे उघडली.