अब्राहाम लिंकन आणि त्याचा कर्जबाजारी भाऊ

अब्राहाम लिंकन हे नाव आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलेले असेल. अमेरिकेतील संयुक्त संस्थानांचा हा सोळावा अध्यक्ष. १८६३ साली बंडखोर दक्षिण संस्थानांतील गुलाम मुक्त झाल्याचे त्याने जाहीर केले, आणि १८६५ साली मारेकऱ्याच्या गोळीने तो मरण पावला, हे शाळेतली मुलेही सांगतात. परंतु आज जी हकीकत सांगावयाचे योजिले आहे ती राज्यकारभारातली नव्हे, घरातली आहे. ह्या थोर पुरुषास एक धाकटा सावत्र भाऊ होता व तो सदोदित कर्जात बुडालेला असे. त्याच्याशी लिंकन कसा वागला, हे ज्यांच्या घरी असा एखादा भाऊ, भाचा किंवा पुतण्या आहे त्यांनी लक्ष देऊन वाचावे. आणि अशी घरे आपल्यामध्ये थोडी नाहीत.

लिंकनाचा जन्म १८०९ साली केंटकी प्रांतात एका लाकडी खोपटात झाला. तो नऊ वर्षांचा असता आई वारली. पुढील वर्षी, म्हणजे १८१९ साली, त्याचा बाप टामस ह्याने सारा बुश जॉन्स्टन नावाच्या विधवेशी लग्न केले. असे सांगतात की, टामसाने मागणी घातली तेव्हा आपल्यावर थोडेसे कर्ज आहे, ते फिटल्यावाचून मी लग्न करणार नाही, असे त्या बाईने कळविले. तेव्हा टामसाने त्याच संध्याकाळी तिचे सारे देणे वारले आणि दुसऱ्या दिवशी लग्न लागले. ती आपली तीन लेकरे घेऊन नव्या घरी आली. त्यांतील मुलगा जॉन, हाच आपल्या हकिकतीतला भाऊ. सारा हिने लिंकनास सावत्रपणा कधी जाणवू दिला नाही. त्याला वाचनाची आवड होती आणि बापाला ती फारशी रुचत नसे. तिने मात्र त्याची बाजू घेतली. हे लिंकन जन्मभर विसरला नाही. पुढे जॉनाशी तो इतका सहनशीलपणे आणि तरीही इतका कठोरपणे का वागला, ह्याचा उलगडा ह्या माउलीकडे पाहिले म्हणजे होतो.

दोघे भाऊ एकत्र वाढले. १८३१ साली सपाट तळाची एक मोठी नाव बांधून, तीत माल भरून, दुसऱ्याचे नोकर म्हणून ते नदीमार्गाने न्यू ऑर्लीन्सपर्यंत गेले. तेथून परत आल्यावर त्यांच्या वाटा निराळ्या झाल्या. लिंकन इलिनॉय प्रांतात न्यू सालेम नावाच्या खेड्यात राहिला, आणि तेथेच तो स्वतः कर्जात पडला.

ही गोष्ट अंमळ विस्ताराने सांगितली पाहिजे. कारण ज्याने कर्ज कधी पाहिले नाही त्याने कर्जदारास केलेला उपदेश कोरडाच असतो. १८३२ साली लिंकनाने विल्यम बेरी नावाच्या गृहस्थाशी भागी करून किराणा व इतर मालाचे दुकान विकत घेतले. रोकड जवळजवळ नव्हतीच. सारा व्यवहार रोखे लिहून देऊन झाला. बेरी दारूच्या नादी लागला होता असे म्हणतात. लिंकनाचे चित्त पुस्तकांत. दुकान बसले. १८३५ साली बेरी मरण पावला आणि मागे काही ठेवून गेला नाही. रोख्यांवर दोघांच्या सह्या असल्यामुळे सारे ओझे लिंकनाच्या शिरावर आले. त्या काळी ते अकराशे डॉलरांच्या घरात होते असे सांगतात. आणि महिनाभर शेतावर राबणाऱ्या मजुरास दहा डॉलर मिळत!

त्या सीमाप्रांतात कर्जातून सुटण्याचा एक सोपा मार्ग पुष्कळ जण पत्करीत. रातोरात गाडी जुंपावी आणि पश्चिमेकडे नव्या मुलखात निघून जावे. तेथवर सावकार कोठे येतो? लिंकन गेला नाही. त्याने सावकारांस सांगितले की, मला मुदत द्या. मिळेल तसतसे देत जाईन. बहुतेकांनी ऐकले. एकाने मात्र ऐकले नाही. त्याने १८३४ साली कोर्टात जाऊन हुकूमनामा मिळविला आणि लिंकनाचा घोडा, खोगीर आणि जमीन मोजण्याची आयुधे जप्त करविली. त्या वेळी लिंकन सरकारी मोजणीदाराच्या हाताखाली काम करून पोट भरीत होता. ज्या साधनांनी कर्ज फेडावयाचे तीच लिलावात निघाली! तेव्हा जेम्स शॉर्ट नावाचा शेजारचा शेतकरी लिलावात उभा राहिला, त्याने त्या वस्तू बोली करून घेतल्या आणि लिंकनाच्या हवाली केल्या. शॉर्टने ह्या प्रसंगी रोख पैसे लिंकनाच्या हातावर ठेवले नाहीत, कामाची साधने परत दिली, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. लिंकन ह्या कर्जास थट्टेने आपले राष्ट्रीय कर्ज म्हणत असे. पुढे तो वकील झाला, प्रांताच्या कायदेमंडळात गेला, तरी हे देणे चालूच होते. शेवटचा पैसा फिटावयास १८४८ साल उजाडले असे त्याचा भागीदार वकील लिहितो. फेडीस चौदापंधरा वर्षे लागली, पण एकाही सावकारास त्याच्या नावाने रडावे लागले नाही.

इकडे जॉन आईबापांजवळ कोल्स परगण्यात राहत होता. तो दुष्ट नव्हता, व्यसनी होता असेही कोठे आढळत नाही. बोलका, आनंदी, लोकांस हवासा वाटणारा असा तो होता. परंतु एक दिवस सबंध काम करणे त्याच्याने होत नसे. म्हातारा टामसही संसारात मागेच पडत गेला. १८४१ साली घरात पैशाची ओढ लागली तेव्हा लिंकनाने बापाच्या जमिनीपैकी चाळीस एकर दोनशे डॉलरांस विकत घेतली. मात्र दस्तऐवजात असे लिहिले की, आईबाप जिवंत असेपर्यंत वहिवाट त्यांचीच राहील. आणि त्यांच्या पश्चात एका वर्षात जॉनाने तेवढेच दोनशे डॉलर भरले तर जमीन त्यास मिळेल. पैसा तर पोहोचलाच, पण तो अशा रीतीने की, म्हाताऱ्यांच्या पायाखालची भुई कोणा सावकारास नेता येऊ नये. आपल्यातील किती शिकलेली मुले गावी पैसे पाठविताना एवढा विचार करतात?

१८४८ च्या डिसेंबरात लिंकन कायदेमंडळाचा सभासद म्हणून वॉशिंग्टन येथे होता. नाताळच्या आदल्या दिवशी त्याने घरी पत्र लिहिले. एकाच कागदावर एक मजकूर बापास आणि दुसरा भावास. बापाने वीस डॉलर मागितले होते. जुन्या हुकूमनाम्यापायी जमीन लिलावात जाईल अशी भीती होती. लिंकनाने वीस डॉलर आनंदाने पाठविले. परंतु वकिलाच्या नजरेने त्याने एक गोष्ट दाखवून दिली. हुकूमनाम्याची बापास आठवण राहू नये आणि धनकोनेही इतकी वर्षे स्वस्थ बसावे, हे चमत्कारिक आहे. कारण वसूल करण्याजोगी मालमत्ता बापाजवळ नेहमीच होती. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी हे देणे आधीच फिटलेले तर नाही, आणि फिटल्याचा काही पुरावा देता येतो काय, ह्याची खात्री करून घ्यावी. पाहा, देणे नाकारावे असे तो म्हणत नाही. एकच देणे दोनदा देऊ नये एवढेच म्हणतो. खत फाडून न घेता किंवा भरपाईची पावती न घेता सावकाराच्या ओट्यावर पैसे मोजून येणारे आपले बंधू ह्या वीस डॉलरांच्या पत्रावरून काही शिकतील तर बरे.

जॉनाने ऐंशी डॉलर मागितले होते. ते लिंकनाने दिले नाहीत. त्याने सरळ लिहिले की, मागे जेव्हा जेव्हा थोडी मदत केली तेव्हा तेव्हा तू म्हणालास, आता ठीक चालेल. आणि थोड्याच दिवसांत तू पुन्हा त्याच खड्ड्यात. तू आळशी नाहीस, पण वेळ फुकट दवडतोस, आणि सारी अडचण तेथेच आहे. तुझ्या मुलांनी हे पाहून उचलण्यापूर्वी ही खोड मोडली पाहिजे.

एवढेच लिहून तो थांबला असता तर ते पत्र इतर हजारो वडीलधाऱ्यांच्या पत्रांसारखेच झाले असते. परंतु त्याने पुढे एक तोड सुचविली. घरची कामे बापावर व पोरांवर सोपवावी. जॉनाने कोणाकडे तरी रोख मजुरीने राहावे, किंवा ज्याचे देणे आहे त्याच्याकडेच राबून ते वळते करावे. आजपासून १ मेपर्यंत स्वतःच्या श्रमाने तो जेवढे डॉलर मिळवील अथवा कर्जात फेडील, तेवढेच डॉलर लिंकन आपल्या पदरचे देईल. महिना दहा डॉलर मजुरी मिळाली तर ते वीस होतील. हिशेब करून पाहा: चार महिन्यांत ते ऐंशीच होतात! म्हणजे मागितलेली रक्कम नाकारलेली नव्हती. तिच्यापुढे चार महिन्यांचे श्रम तेवढे उभे केले होते. त्यासाठी दूरच्या शिशाच्या खाणींत किंवा कॅलिफोर्नियात सोने खणावयास जाऊ नये, घराजवळच मिळेल तेथे काम करावे, हेही स्पष्ट केले. जॉनाने जमीन लिहून देण्याची तयारी दाखविली होती. पैसे न फिटल्यास ताबा द्यावयाचा, अशी बोली. ती लिंकनाने साफ झिडकारली. जमीन हाती असता ज्याचे चालत नाही त्याचे जमीन गेल्यावर कसे चालणार?

जॉन ह्या बोलीप्रमाणे वागला काय? पुढची पत्रे वाचली तर त्याची खोड गेली नाही असेच म्हणावे लागते. कित्येक वाचकांस वाटेल की, मग ह्या उपदेशाचा काय उपयोग झाला? आमच्या मते ऐंशी डॉलर तसेच दिले असते तरी खोड राहिलीच असती, आणि दुसऱ्या वर्षी मागणी दीडशेची आली असती.

१८५१ च्या जानेवारीत टामस वारला. शेवटच्या दुखण्यात लिंकन भेटीस गेला नाही. पत्नी आजारी व कामाची गर्दी, अशी कारणे त्याने लिहिली आणि देवावर भरवसा ठेवावा असा निरोप बापास दिला. बापलेकांचे फारसे जमत नसे, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मात्र बापामागे ज्या ऐंशी एकरांत आपला वाटा होता तो त्याने एक डॉलर नाममात्र घेऊन जॉनास लिहून दिला.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जॉनाने जमीन विकून मिसूरी प्रांतात जाण्याचे मनात घेतले. लिंकनाने विचारले, तेथील जमीन येथल्याहून सुपीक आहे काय? तेथे कामावाचून मका पिकतो काय? काम करावयाचे असेल तर येथल्यासारखे ठिकाण नाही, आणि नसेल तर कोठेही गेलास तरी निभाव लागणार नाही. ह्यानंतर प्रश्न आला त्या चाळीस एकरांचा. जॉनाची योजना अशी होती: जमीन तीनशे डॉलरांस विकावी, शंभर आपण घेऊन जावे, उरलेले दोनशे शेकडा आठ व्याजाने आईसाठी ठेवावे. म्हणजे म्हातारीस वर्षाचे सोळा डॉलर! लिंकनाने बजावले की, माझ्या स्वतःच्या हिताचे पाहिले तर योजना पुरेशी आहे. पण आईच्या दृष्टीने मला ती मान्य नाही. बाकीच्या जमिनीवरील आपला विधवेचा हक्क तिने जॉनास आधीच सोडून दिला होता. सबंध तीनशे डॉलर शेकडा दहाने, पक्क्या तारणावर, आईच्या नावे राहणार असतील तरच आपण सही करू. नाही तर जमीन खंडाने देऊन तिला वर्षाला तीस डॉलर तरी खास मिळतील. कोणाच्याही भिडेस्तव तिला सोळा डॉलरांवर बसवावयास तो तयार नव्हता.

ह्याच महिन्यातील एका पत्रात त्याने जॉनाच्या अब्राहाम नावाच्या मुलास, अटी आधी स्पष्ट ठरल्या तर, शिक्षणासाठी आपल्या घरी ठेवून घेण्याची तयारी दाखविली आहे. १८५४ साली जॉन मरण पावला. त्याचा दुसरा मुलगा पुढे घड्याळाच्या चोरीच्या आरोपात सापडला, तेव्हा लिंकन तुरुंगात जाऊन त्यास भेटला व फिर्यादीशी बोलून त्याची सुटका केली, असे त्याच्या सोबतच्या एका वकिलाने लिहून ठेवले आहे.

अध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर, वॉशिंग्टनास जाण्यापूर्वी, १८६१ च्या आरंभी लिंकन हिवाळ्याच्या कडाक्यात प्रवास करून सावत्र आईस भेटावयास गेला. बापाच्या कबरीचेही त्याने दर्शन घेतले. ही मायलेकरांची शेवटची भेट. ते चाळीस एकर त्याच्या मरणापर्यंत त्याच्याच नावे होते. सारा १८६९ पर्यंत जगली.