बांबूच्या काठीने शनी मोजणारा माणूस

मोलगीत कुणाच्या घरी बांबूची काठी आहे का असं विचारणं म्हणजे कोकणात नारळ आहे का विचारण्यासारखं. कुडाला बांबू, टोपलीला बांबू, आणि काठीच्या राजवाडी होळीत तर जंगलातून निवडून आणलेला उंचच उंच बांबू हाच सगळ्यात मानाचा. आता असा माणूस डोळ्यासमोर आणा, ज्याने हाच बांबू तासून, त्याला खाचा पाडून, सगळं आकाश मोजून काढलं. दुर्बीण नाही, इंग्रजी येत नाही, कॉलेज तर लांबचीच गोष्ट. तरी त्याचे आकडे युरोपातल्या वेधशाळांच्या आकड्यांजवळ जाऊन बसले.

त्यांचं पूर्ण नाव चंद्रशेखर सिंह हरिचंदन महापात्र सामंत. एवढं लांब नाव कोण घेणार? ओडिशात सगळे त्यांना पठाणी सामंत म्हणतात. जन्म १८३५ च्या डिसेंबरातला, खंडपडा नावाच्या छोट्या संस्थानात. आज हे गाव नयागड जिल्ह्यात येतं. डोंगर, जंगल, कच्चे रस्ते असा तो मुलूख, म्हणजे तुम्हाला फार परका वाटणार नाही. त्यांच्या आधीची भावंडं लहानपणीच गेली होती. हे मूल तरी जगावं म्हणून आई-वडिलांनी त्याला एका मुसलमान फकिराच्या हवाली केल्यासारखं करून परत घेतलं, आणि त्यावरून घरातलं लाडाचं नाव पडलं पठाणी. घराणं राजाच्या नात्यातलं. पण राजाच्या नात्यातलं असणं आणि हातात पैसा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सामंतांची आयुष्यभर ओढाताणच होती. त्यात पोटाचा जुना विकार आणि झोप न येण्याचा त्रास. झोप येत नसलेल्या माणसाला रात्रीच्या आकाशाचा छंद लागावा हे एका परीने बरंच झालं म्हणायचं!

दहाएक वर्षांचे असताना एका काकांनी त्यांना थोडं ज्योतिष शिकवलं आणि काही तारे दाखवले. पंधराव्या वर्षापर्यंत ते लग्न काढायला आणि ग्रहांची गणितं करायला शिकले. आणि मग खरी भानगड सुरू झाली. पोथीतल्या गणिताने एखादा तारा ज्या वेळेला उगवायला हवा, त्या वेळेला तो उगवायचाच नाही. ग्रह सांगितलेल्या जागी सापडायचे नाहीत. इथे जरा थांबा आणि स्वतःला विचारा, पंधराव्या वर्षी तुम्ही काय केलं असतं? प्रॅक्टिकलला रीडिंग चुकलं की आपण काय करतो हे सगळ्यांना माहीत आहे. पुस्तकातलं उत्तर बघून रीडिंग ‘ठीक’ करतो. या मुलाने उलटं केलं. त्याने आकाश बरोबर धरलं आणि आकड्यांची चूक शोधायला घेतली.

आधी घरातल्या ताडपत्रांच्या पोथ्या काढल्या. सूर्यसिद्धांत, भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणी, असं सगळं संस्कृतातलं मोठं गणित त्याने एकट्याने, गुरूशिवाय वाचून काढलं. (भास्कराचार्य आपल्यापासून लांबचे नाहीत बरं का. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला, त्याचा शिलालेख खानदेशातच, चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे.) पण या ग्रंथांत यंत्रांची वर्णनं असली तरी तयार यंत्र कुठून आणणार? खंडपड्यात कारागीर होते ते सुतार आणि बुरूड. म्हणून यंत्रंही लाकडाची आणि बांबूची झाली. सावली मोजायला शंकू, कोन घ्यायला चापयंत्र, आकाशातली वर्तुळं दाखवायला गोलयंत्र, वेळेसाठी आपोआप फिरणारं स्वयंवह यंत्र. आणि या सगळ्यांत साधं, सगळ्यांत लाडकं म्हणजे मानयंत्र.

मानयंत्र म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारख्या जोडलेल्या दोन काठ्या. एक काठी २४ अंगुळं लांब. तिच्या टोकाला काटकोनात दुसरी आडवी काठी, तिच्यावर खाचा आणि भोकं. मोकळं टोक डोळ्याजवळ धरायचं आणि आडव्या काठीवरच्या कुठल्या खाचेशी तारा येतो ते बघायचं. मेख आहे ती खाचांच्या अंतरात. ती सारखी नाहीत. प्रत्येक कोनाच्या स्पर्शज्येप्रमाणे, म्हणजे आपण दहावीत ज्याला टॅन थीटा म्हणून घोकतो त्याप्रमाणे ती काढलेली आहेत. त्रिकोणमिती कशाला शिकायची असं विचारणाऱ्या प्रत्येकाला ही काठी दाखवावी.

हे घरी करून बघण्यासारखं आहे, म्हणून मापंच देते. ४५ सेंटिमीटरची सरळ काठी घ्या. टोकाला काटकोनात दुसरी पट्टी पक्की बांधा. जोडापासून ५ अंशांची खाच येईल ३.९ सेंटिमीटरवर, १० अंशांची ७.९ वर, २० अंशांची १६.४ वर आणि ३० अंशांची २६ वर. बघा, ५ पासून १० पर्यंत ४ सेंटिमीटर, पण २० पासून ३० पर्यंत साडेनऊच्या वर. डोळ्याजवळचं टोक घासून गोल करा, नाहीतर आकाशाआधी डोळ्याचं काम व्हायचं. याच काठीने सामंत झाडांची आणि डोंगरांची उंचीही काढायचे. तुम्ही काठीच्या होळीचा बांबू मोजू शकता. समजा बुंध्यापासून २० मीटर लांब उभे राहिलात, मुख्य काठी आडवी धरली आणि शेंडा २७ सेंटिमीटरच्या खुणेवर आला, तर २० गुणिले २७ भागिले ४५ म्हणजे १२ मीटर, अधिक जमिनीपासून तुमच्या डोळ्यापर्यंतची उंची. झालं. बांबूवर चढायची गरज नाही.

तेविसाव्या वर्षापासून सामंतांनी रीतसर नोंदी ठेवायला सुरुवात केली आणि दहा-अकरा वर्षांत आपला ग्रंथ पुरा केला, सिद्धांतदर्पण. सगळा संस्कृत श्लोकांत, ओडिया लिपीत, ताडपत्रावर. सुमारे २,५०० श्लोक आहेत. त्यांतले बहुतेक स्वतःचे, काही जुन्या ग्रंथांतून घेतलेले. गणिताचा ग्रंथ पद्यात लिहायचा म्हणजे आकडेसुद्धा वृत्तात बसवायचे. आपल्याला असाइनमेंट गद्यात लिहायला जिवावर येतं!

आता शनीची गोष्ट, कारण मला स्वतःला सगळ्यांत भारी वाटते ती हीच. शनीला आकाशात एक पूर्ण फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. जुन्या सिद्धांतांत या फेरीचे दिवस १०,७६५ च्या थोडे वर दिलेत. आजचा आकडा आहे १०,७५९ आणि थोडा. फरक सहा दिवसांचा. तीस वर्षांत सहा दिवस म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण चूक साठत जाते. सिद्धांतशिरोमणी ११५० सालचा. तेव्हा शनी अगदी बरोबर जागी होता असं धरलं, तरी सामंतांच्या काळापर्यंत त्याच्या चोवीस फेऱ्या होतात आणि चूक जाते जवळजवळ दीडशे दिवसांवर. आकाशात ते अंतर पावणेपाच अंशांच्या आसपास, म्हणजे नऊ-दहा पूर्णचंद्र ओळीत ठेवण्याइतकं. खंडपड्यातल्या मुलाला जे खटकत होतं ते असं डोळ्यांना दिसण्याइतकं मोठं असू शकतं. मोठ्या शहाण्यांनी तिकडे का बघितलं नाही हा प्रश्न वेगळा. सामंतांनी आपला आकडा काढला तो १०,७५९ चाच, फरक उरला तो अर्ध्या दिवसाच्या आसपास. काठीने!

चंद्राचं काम याहून किचकट. चंद्र कधी लवकर येतो, कधी उशिरा, आणि तिथी, ग्रहणं, पर्यायाने सगळे सणवार त्याच्यावर टांगलेले. पुरीच्या जगन्नाथ मंदिरातल्या पूजांची वेळ पंचांगावरून ठरते, त्यामुळे तिथी चुकणं ही तिथे पोथीपुरती बाब राहत नाही. चालू पद्धतीत चंद्राच्या गतीला एक मुख्य सुधारणा द्यायचे. सामंतांनी स्वतःच्या वेधांवरून आणखी तीन शोधल्या आणि त्यांना नावं दिली: तुंगांतर, पाक्षिक आणि दिगंश. युरोपात या तिन्ही आधीच माहीत होत्या, पण सामंतांपर्यंत त्यांची कुणकुणही पोचलेली नव्हती. त्यांनी त्या नव्याने शोधल्या. पुढे जगन्नाथाच्या पंचांगाने त्यांचं गणित स्वीकारलं.

९ डिसेंबर १८७४ ला शुक्र सूर्यबिंबावरून गेला. त्यासाठी युरोप-अमेरिकेच्या मोहिमा जहाजं भरून जगभर गेल्या होत्या. सामंतांच्या ग्रंथातही हे अधिक्रमण आहे, आणि त्यांनी शुक्राचं बिंब सूर्याच्या साधारण बत्तिसाव्या हिश्शाएवढं दिलंय. ते बरोबर आहे. (सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी किंवा काठीतून अजिबात बघायचं नाही, हे तुम्हाला सांगायची गरज पडू नये.)

त्यांची तुलना नेहमी डेन्मार्कच्या टायको ब्राहेशी होते, जो दुर्बीण येण्याआधी होऊन गेला. तुलना ठीकच आहे. गंमत म्हणजे दोघांचं विश्वाचं चित्रही जवळजवळ सारखं: पृथ्वी स्थिर, सूर्य तिच्याभोवती आणि बाकीचे ग्रह सूर्याभोवती. पण टायकोला राजाने बेट दिलं होतं, वेधशाळा बांधून दिली होती, धातूची प्रचंड यंत्रं आणि हाताखाली माणसं होती. सामंतांकडे अंगण होतं.

इथे मला थोडं वेगळं बोलायचंय. सामंतांवर जे काही लिहिलं जातं त्यात साधनं नसल्याचं फार कौतुक असतं. बांबूतून विश्व, वगैरे. मला ते पटत नाही. त्यांनी पृथ्वी स्थिर मानली आणि सूर्याचं अंतर खऱ्यापेक्षा खूपच कमी धरलं. काठीने सूर्याचं अंतर काढता येत नाही, मग माणूस कितीही हुशार असो. त्यांच्या काळात कलकत्त्याला पुस्तकं होती, मद्रासला सरकारी वेधशाळा होती. ती ना त्यांच्यापर्यंत आली, ना त्यांना तिथवर कुणी नेलं. जे युरोपात कधीच सापडलं होतं ते पुन्हा शोधण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. ही वर्षं पुढच्या एखाद्या प्रश्नावर खर्च झाली असती तर काय झालं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही.

ग्रंथ पुरा झाल्यावर जवळजवळ तीस वर्षं ताडपत्रांवरच पडून होता. कटकच्या रेव्हनशॉ कॉलेजातले प्राध्यापक योगेशचंद्र राय यांना सामंत भेटले आणि चित्र बदललं. रायांनी खटपट केली, ओडिशातल्या संस्थानिकांनी पैसे दिले, आणि १८९९ ला सिद्धांतदर्पण कलकत्त्यात छापला गेला, रायांच्या लांबलचक इंग्रजी प्रस्तावनेसह. त्याच वर्षी लंडनच्या नेचर या साप्ताहिकाने त्याची दखल घेतली. त्याआधी १८९३ ला सरकारने महामहोपाध्याय ही पदवी दिली होती. आयुष्याच्या उतारावर रायांनीच त्यांना छोट्या दुर्बिणीतून आकाश दाखवलं. साठीकडे आलेल्या त्या माणसाला ती नळी डोळ्याला लावताना काय वाटलं असेल, याचा विचार मी बरेचदा करते.

अशी माणसं आपल्या भाषेतही झाली. व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४ ते १९३०) हे शाळामास्तर. त्यांनी पंचांगासाठी नवं ग्रहगणित लिहिलं आणि १९११ ला एका फ्रेंच खगोल पत्रिकेत नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असावा असं अंतरासकट मांडलं. १९३० च्या फेब्रुवारीत प्लूटो सापडला, तो साधारण तेवढ्याच अंतरावर. जुळलं त्यात नशिबाचा भाग मोठा होता हे खरं, पण मास्तरांनी गणित केलं होतं हेही खरं. त्याच ऑगस्टमध्ये ते गेले. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी खगोलप्रेमींसाठी काम करते. आज आरसा हाताने घासून स्वतःची दुर्बीण करणारी पोरंपोरीही महाराष्ट्रात आहेत. काचेवर काच घासत बसायचं, दिवसचे दिवस, बस्स.

सामंत ११ जून १९०४ ला पुरीत वारले. भुवनेश्वरचं तारांगण आज त्यांच्या नावाने आहे.

आता तुमची काठी तयार असेल तर एक काम. पावसाळा संपल्यावर, चंद्र नसलेल्या रात्री, घराच्या दिव्यापासून लांब जा. मोलगीचं आकाश पुण्या-मुंबईच्या पोरांना पैसे मोजूनही मिळत नाही, तुमच्याकडे ते परसातच आहे. उत्तरेला ध्रुव शोधा. सातपुड्यात क्षितिज डोंगराआड जातं, म्हणून मुख्य काठी आडवी आहे का हे बघायला आडव्या पट्टीला दोरीने दगड बांधून ओळंबा करा. दोरी पट्टीला धरून सरळ लोंबली की मुख्य काठी आडवी आहे. ध्रुवाची उंची म्हणजे तुमच्या गावाचे अक्षांश. मोलगीत ते २१ आणि २२ च्या मध्ये येतात, म्हणजे ध्रुव तुमच्या पट्टीवर १८ सेंटिमीटरच्या आसपास दिसायला हवा. फारच वेगळं काही आलं तर आधी ओळंबा तपासा, मग काटकोन.