शंतनुराव किर्लोस्कर

शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर (२८ मे १९०३ – २४ एप्रिल १९९४) हे मराठी उद्योजक होते. त्यांचा जन्म सोलापूर येथे झाला. किर्लोस्करवाडीचे संस्थापक लक्ष्मणराव हे त्यांचे वडील. १९२६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते वाडीच्या कारखान्यात रुजू झाले. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली.

१९५८ मध्ये त्यांच्या उद्योगसमूहात किर्लोस्कर न्यूमॅटिक ही एअर कॉम्प्रेसर बनवणारी कंपनी उभी राहिली. डिझेल इंजिनांच्या कीर्तीपुढे हे काम काहीसे झाकोळले गेले. वास्तविक खाणीपासून यवतमाळसारख्या जिल्ह्यातील पंक्चरच्या दुकानापर्यंत दाबलेल्या हवेवाचून चालत नाही. हे यंत्र मात्र बेफिकिरी खपवून घेत नाही. टाकीच्या तळाशी साचलेले पाणी रोज सोडले नाही, तर पत्रा आतून गंजतो. त्यातच सुरक्षा झडप अडकली, तर टाकी फुटू शकते. रेग्युलेटर हवेचा दाब अवजाराला पेलेल इतका कमी करतो. दाब न उतरवता नळी सोडल्यास ती चाबकासारखी उसळून माणसाला जखमी करते.

भारत सरकारने १९६५ मध्ये शंतनुरावांना पद्मभूषण पुरस्कार दिला. ‘कॅक्टस अँड रोझेस’ हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र आहे.